वर्गातला सूक्ष्मदर्शक आणि परसातले नमुने

शाळेतील सूक्ष्मदर्शक कसा वापरावा, त्याखाली काय पाहावे आणि काय पाहू नये, याविषयी मराठवाड्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून वाचकांनी पत्रे पाठवली आहेत. त्यांतील काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. पत्रे मोठी होती, म्हणून प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेच्या कपाटात एक सूक्ष्मदर्शक कित्येक वर्षे पडून होता. मी तो मुलांसाठी बाहेर काढला, पण कोणाला नुसता अंधार दिसतो, कोणाला नुसते पांढरे दिसते. घाईत एक काचपट्टीही फुटली. यंत्र बिघडले आहे, की माझे काही चुकते आहे? (एक शिक्षिका, गेवराई तालुका, जिल्हा बीड)

उत्तर : बाई, यंत्र बहुधा ठीक आहे. पत्रात आपण लिहिले आहे की, ‘जास्त मोठे दिसावे म्हणून सर्वांत लांब भिंग लावले’, आणि अडचणीचे मूळ तेथेच आहे. शालेय सूक्ष्मदर्शकावर बहुतेक वेळा दोन वस्तुभिंगे, म्हणजे नमुन्याजवळची भिंगे, असतात, एक १० पटींचे आणि दुसरे ४० किंवा ४५ पटींचे. नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचे वरचे भिंग, १० पटींची असेल तर पहिल्याने नमुना १०० पट आणि दुसऱ्याने ४०० ते ४५० पट मोठा दिसतो. भिंग जितके शक्तिशाली, तितके त्याचे दृष्टिक्षेत्र लहान, प्रकाश कमी आणि काचपट्टीपासूनचे अंतरही कमी असते. त्यामुळे थेट मोठ्या भिंगाने नमुना शोधणे म्हणजे रात्री विजेरीच्या बारीक झोतात शेतात पडलेली अंगठी शोधण्यासारखे आहे. प्रत्येक वेळी सुरुवात लहान भिंगानेच करावी, नमुना दृष्टिक्षेत्राच्या मध्यभागी आणावा आणि मगच भिंग बदलावे.

पण त्याही आधी प्रकाशाची व्यवस्था करावी. काचपट्टी न ठेवता नेत्रिकेतून पाहत आरसा हळूहळू फिरवावा आणि सगळे वर्तुळ सारखे उजळले की थांबावे. आरशाला दोन बाजू असतात. मंचाखाली, म्हणजे काचपट्टी ठेवण्याच्या जागेखाली, प्रकाश एकवटणारे भिंग, म्हणजे कंडेन्सर, नसेल तर अंतर्गोल बाजू वापरावी आणि असेल तर सपाट बाजू. आरशाचे तोंड मोकळ्या आकाशाकडे किंवा चुना दिलेल्या पांढऱ्या भिंतीकडे असावे. सूर्याकडे ते कधीही असू नये. आपल्याकडच्या उन्हात आरशातून सूर्यबिंब थेट डोळ्यात गेले तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते, म्हणून ही सूचना मुलांना यंत्राला हात लावण्यापूर्वीच द्यावी. उत्तरेकडच्या खिडकीजवळ किंवा व्हरांड्यात, जेथे सकाळभर ऊन थेट येत नाही, तेथे टेबल मांडल्यास पुष्कळ काम सोपे होते.

काचपट्टी फुटण्याचे कारण असे की, नेत्रिकेतून पाहता पाहता नळी खाली आणली जाते. ती खाली आणताना डोळा नेत्रिकेला न लावता बाजूने पाहावे आणि वस्तुभिंग काचपट्टीला टेकण्याच्या बेतात आले की थांबावे. मग नेत्रिकेतून पाहत मोठा स्क्रू उलट दिशेने फिरवून नळी वर न्यावी. प्रतिमा याच वाटेने स्पष्ट होते आणि काच फुटण्याचे भयही राहत नाही. मोठ्या भिंगावर गेल्यावर मोठ्या स्क्रूला हात लावू नये, तेथे फक्त बारीक स्क्रू वापरावा.

पहिला नमुना म्हणून कांदाही घेऊ नये. वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातीमधले ‘ग’ हे अक्षर कापून काचपट्टीवर सुलटे ठेवावे. मुलांना त्याचा काना डावीकडे आणि डोक्यावरची रेघ खाली दिसेल. काचपट्टी उजवीकडे सरकवली की अक्षर डावीकडे पळते, हे मुलाच्या बोटांना एकदा कळले की पुढे नमुना हरवत नाही. अक्षराच्या शाईची कड मोठी केल्यावर किती खडबडीत दिसते, हे पाहून मुले थक्क होतात, तो आनंद वेगळाच.

चाळीस मुलांना एकच यंत्र पुरवायचे असल्यास माझा अनुभव असा की, रांग लावण्यापेक्षा पाच-पाच मुलांचे गट करावेत. एक गट पाहत असताना दुसऱ्याने नमुना तयार करावा आणि तिसऱ्याने आधी पाहिलेले चित्र काढावे. नेत्रिकेच्या आतील कड्यावर एक केस टोक मध्यभागी येईल असा चिकटवला, तर तो काटा म्हणून उपयोगी पडतो आणि ‘काट्याच्या टोकाशी काय आहे ते पाहा’ असे नेमके सांगता येते. नाही तर शिक्षक केंद्रक दाखवत असतात आणि मूल धूळ पाहत असते.

प्रश्न : मी आठवीत आहे. कांद्याचा पापुद्रा पाहून मी वहीत गोल गोल पेशी काढल्या, त्यांच्या कडा जाड काळ्या होत्या. सरांनी चित्र चुकले म्हणून सांगितले. पण मला तसेच दिसले होते. आणि पुस्तकात दाखवलेले केंद्रक मला दिसलेच नाही. (एक विद्यार्थिनी, हिंगोली)

उत्तर : तुला जे दिसले ते तू प्रामाणिकपणे काढलेस, हे योग्यच केलेस. मात्र तू काढलेस ते हवेचे बुडबुडे आहेत. बुडबुडा तंतोतंत गोल असतो, त्याची कड जाड आणि काळी कुळकुळीत असते, कारण पाण्यातून हवेत शिरताना प्रकाशकिरण वळून बाजूला जातात आणि कडेचा प्रकाश तुझ्या डोळ्यापर्यंत पोहोचत नाही. कव्हर स्लिपवर, म्हणजे नमुन्यावर झाकायच्या पातळ काचेवर, सुईच्या टोकाने अगदी हलके दाबलेस तर बुडबुडा सरकतो किंवा आकार बदलतो. पेशी जागची हलत नाही. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या वर्गातील पाच मुलांनी असेच बुडबुडे काढले होते आणि मी ते नीट न पाहता वहीवर सही केली होती. त्याची खंत मला आजही वाटते, म्हणून तुझ्या पत्राचे उत्तर जरा सविस्तर देतो.

कांदा उभा चिरून त्याची आतली एक रसाळ पाकळी घे. तिच्या आतल्या, म्हणजे खोलगट बाजूचा पापुद्रा चिमट्याने हळूच ओढलास तर तो सुटून येतो. तो लगेच पाण्याच्या थेंबात ठेव. कोरडा पडला तर त्याला सुरकुत्या पडतात आणि सुरकुतीत हवा अडकते. नखाएवढा तुकडा पुरे. तो दुमडला असेल तर सुईने सपाट कर. आता कव्हर स्लिप वरून आडवी टाकू नकोस. तिची एक कड थेंबाला टेकव, दुसरी कड सुईवर तोलून धर आणि सुई सावकाश काढत ती खाली येऊ दे, म्हणजे हवा दुसऱ्या बाजूने निघून जाईल.

तुला आता विटांच्या बांधकामासारख्या लांबट पेशी एकमेकींना लागून दिसतील. केंद्रक न दिसण्याचे कारण असे की, ते पेशीच्या बाकीच्या द्रव्याइतकेच पारदर्शक असते. कव्हर स्लिपच्या एका कडेला पातळ आयोडीनचा थेंब ठेव आणि समोरच्या कडेला टिपकागदाचा तुकडा लाव. टिपकागद पाणी शोषतो आणि त्याच्यामागे आयोडीन आपोआप आत ओढले जाते. दोन-तीन मिनिटांत प्रत्येक पेशीत एक पिवळसर तपकिरी ठिपका उठून येईल, तोच केंद्रक. तो बहुधा पेशीच्या मधोमध नसतो, भिंतीला टेकलेला असतो, कारण मधली बहुतेक जागा पेशीरसाने भरलेल्या पिशवीने, म्हणजे रिक्तिकेने, व्यापलेली असते. पुस्तकातील आकृतीत केंद्रक ठळक आणि मोठा असतो, कारण ती आकृती समजावण्यासाठी काढलेली असते. तुझ्या चित्रात तो कडेला आणि फिकट असला तर तसाच काढ. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ साली बुचाच्या कापात रिकाम्या कोठड्या पाहिल्या आणि रिकाम्याच काढल्या. वनस्पतींच्या पेशींतील केंद्रकाचे वर्णन करून त्याला नाव दिले ते वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी, १८३१ मध्ये. दोघांनीही आपापल्या भिंगातून जे दिसले तेच काढले.

एक गोष्ट राहिली. प्रकाश फार असेल तर पारदर्शक पेशी उजेडात बुडून जाते. मंचाखालचा पडदा थोडा बंद करून प्रकाश कमी केलास तर कडा स्पष्ट होतात.

प्रश्न : आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकवतो. मुलाच्या शाळेत सूक्ष्मदर्शक आला आहे. कापसाचा धागा त्याखाली पाहण्यासारखा असतो का? (एक शेतकरी, जालना जिल्हा)

उत्तर : आपला प्रश्न वाचून फार समाधान वाटले. कापूस हा मराठवाड्यातील शाळांसाठी सर्वांत जवळचा आणि सर्वांत उपेक्षित नमुना आहे.

पहिली गोष्ट अशी की, सरकीवरचा कापसाचा प्रत्येक तंतू ही एकच पेशी असते. सरकीच्या सालीवरील पेशींपैकी काही पेशी फूल उमलण्याच्या सुमारास बाहेर वाढू लागतात आणि लांबत जातात. आपल्या भागातील संकरित वाणांचा तंतू सर्वसाधारणपणे २५ ते ३० मिलिमीटर लांब असतो आणि त्याची जाडी मात्र मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाएवढी असते. म्हणजे एक पेशी, जी स्वतःच्या जाडीच्या हजार पटींहून अधिक लांब आहे. मुलाला सांगावे की, कांद्याची पेशी पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो, पण कापसाची एक पेशी तुझ्या बाबांनी रोज बोटांत धरलेली आहे.

बोंड हिरवे असताना तंतू जिवंत असतो आणि रसाने भरलेल्या नळीसारखा गोल असतो. त्याच्या भिंतीवर आतून सेल्युलोजचे थर चढत जातात. बोंड फुटले की रस वाळतो, नळी चेपते आणि पट्टीसारखी होऊन स्वतःभोवती पीळ घेते. हे पाहण्यासाठी वेचलेल्या कापसातील चार-पाचच तंतू पाण्याच्या थेंबात पसरून ठेवावेत आणि वर कव्हर स्लिप ठेवावी. १०० पटींवरच चपट्या फितीला जागोजागी पीळ पडलेला दिसतो, आणि एका ठिकाणी पीळ उजवीकडे तर थोडे पुढे गेल्यावर डावीकडे वळलेला आढळतो. हे पीळच कताईत तंतूंना एकमेकांत अडकवून धरतात. पक्व न झालेल्या बोंडातील तंतू त्याच्या शेजारी ठेवून पाहावा. त्याची भिंत पातळ असते, पीळ थोडे असतात आणि तो दुमडलेल्या पातळ कागदासारखा दिसतो. व्यापारी बोटांनी चाचपून जे ओळखतात, ते येथे डोळ्यांना दिसते. पाऊस लवकर उघडल्याने अर्धवट भरलेल्या बोंडांचा कापूस आणि पहिल्या वेचणीचा कापूस अशा दोन काचपट्ट्या मुलाला शेजारी शेजारी पाहू द्याव्यात.

जमल्यास पॉलिस्टरचा आणि रेशमाचा धागाही ठेवावा. छत्रपती संभाजीनगरची हिमरू सूत आणि रेशीम एकत्र विणून होते, त्यामुळे तिच्या एखाद्या चिंधीचे धागे सोडवले तर पिळाचे सुती तंतू आणि गुळगुळीत, चकचकीत रेशमी तंतू असे दोन्ही एकाच काचपट्टीवर मिळतात. मात्र पैठणीचे रेशीम खरे आहे की नाही याचा निवाडा शाळेच्या सूक्ष्मदर्शकाने करू नये. रेशीम आणि पॉलिस्टर हे दोन्ही लांबीच्या बाजूने गुळगुळीत दांड्यासारखे दिसतात आणि नवख्या डोळ्याला त्यांतला फरक कळत नाही.

कापूस फुलावर आला की परागकणही पाहावेत. कापूस, भेंडी, अंबाडी आणि जास्वंद ही एकाच कुळातील झाडे आहेत, आणि या चौघांचेही परागकण मोठे, गोल व अंगभर काटे असलेले असतात. शेजारच्या ज्वारीचा परागकण वाऱ्याने उडणारा असल्यामुळे गुळगुळीत असतो. फुलांची कुळे पाठ करण्याची गरज उरणार नाही.

प्रश्न : एका विक्रेत्याने आमच्या शाळेला ‘२००० पट’ मोठे दाखवणारा सूक्ष्मदर्शक सुचवला आहे. घ्यावा का? (शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, नांदेड)

उत्तर : केवळ त्या आकड्यासाठी घेऊ नये. सूक्ष्मदर्शकाचे खरे काम जवळजवळच्या दोन ठिपक्यांना वेगळे दाखवणे हे आहे. जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवून दिले की, या क्षमतेला प्रकाशाच्या तरंगलांबीनेच मर्यादा घातली आहे. उत्तमातील उत्तम प्रकाश-सूक्ष्मदर्शकही सुमारे ०.२ मायक्रोमीटरपेक्षा, म्हणजे एका मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागापेक्षा, जवळ असलेले ठिपके वेगळे दाखवू शकत नाही. शाळेतल्या ४० पटींच्या भिंगाची मर्यादा साधारण अर्ध्या मायक्रोमीटरची असते. त्यापुढे नेत्रिका बदलून प्रतिमा कितीही ताणली तरी नवे काही दिसत नाही, फक्त धूसरपणा मोठा होतो. १००० पटींसाठी १०० पटींचे तेलाचे भिंग लागते, त्यावर विशिष्ट तेलाचा थेंब घालावा लागतो आणि दर वेळी तो पुसावा लागतो. वर्गातील रोजच्या वापराला ते झेपत नाही.

त्याच पैशांत ४, १० आणि ४० पटींची भिंगे असलेले, घट्ट पण सहज फिरणाऱ्या स्क्रूचे आणि पडदा व कंडेन्सर असलेले एकाऐवजी दोन साधे सूक्ष्मदर्शक मिळत असतील तर ते घ्यावेत. विकत घेण्यापूर्वी विक्रेत्यासमोर कांद्याचा पापुद्रा पाहावा. ४ पटींच्या भिंगावर मध्यभागी आणलेला नमुना भिंग बदलल्यावरही दृष्टिक्षेत्रात राहतो का, एवढे तपासले तरी पुष्कळ कळते.

मोजमाप करायचे असल्यास साधी पारदर्शक मोजपट्टी मंचावर ठेवून दृष्टिक्षेत्राची रुंदी मोजावी. १०० पटींवर ती समजा १.८ मिलिमीटर भरली, तर ४०० पटींवर ती त्याच्या चौथाई, म्हणजे ०.४५ मिलिमीटर असते. १.८ मिलिमीटरच्या रुंदीत कांद्याच्या सहा पेशी लांबीने बसल्या तर प्रत्येक पेशी सरासरी ०.३ मिलिमीटर लांब, हा हिशेब सातवीचे मूलही करते.

प्रश्न : दह्यातले जिवाणू आणि स्वतःच्या रक्तातील पेशी मुलांना दाखवाव्यात का? (एक पालक, लातूर)

उत्तर : रक्त दाखवू नये. एकाच सुईने किंवा निष्काळजीपणे हाताळलेल्या काचेने कावीळ ‘ब’ किंवा एचआयव्हीसारखा संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, आणि तो धोका पत्करावा इतके त्या नमुन्याचे शैक्षणिक मोल नाही. रक्तासाठी विकत मिळणारी तयार काचपट्टी वापरावी.

दह्याचे जिवाणू पाहता येतात, पण धीर हवा. दह्यावर सुटलेल्या पाण्याचा छोटा थेंब काचपट्टीवर पातळ पसरून वाळवावा, काचपट्टी ज्योतीवरून दोन-तीन वेळा झटकन फिरवावी, मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचे थेंब एक मिनिट ठेवून धुवावे. ४०० पटींवर निळ्या रंगाच्या अगदी बारीक काड्या आणि ठिपक्यांच्या माळा दिसतात. दुधातील प्रथिनांचे निळे गोळेही दिसतात, त्यांना जिवाणू समजू नये. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील कापड व्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांनी १६८३ मध्ये दातांवरच्या कीटणातील हालचाल करणारे जीव पाहिल्याचे पत्र लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवले होते. त्यांच्याजवळ एकाच भिंगाचे हातात मावेल एवढे यंत्र होते.

प्रश्न : उन्हाळ्यात नमुना पाहता पाहता वाळून जातो. उपाय काय? (एक शिक्षक, धाराशिव)

उत्तर : पाण्यात थोडे ग्लिसरीन मिसळून तो थेंब वापरावा, म्हणजे चाळीस अंशांच्या दुपारीही नमुना तासभर ओला राहतो. यंत्रावर धूळ बसू नये म्हणून झाकण्यासाठी प्लास्टिकची पिशवी किंवा धुतलेले कापड वापरावे. भिंगावरची धूळ आधी रबरी फुग्याने फुंकून उडवावी आणि मगच मऊ कापडाने पुसावे, कारण आपल्याकडच्या मातीचे कण काचेला ओरखडे पाडतात.

प्रश्न : आमच्या गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते, त्यामुळे प्रत्येक घरी हौद आणि पिंपे भरलेली असतात. त्यात वळवळणारे जीव वर्गात पाहता येतील का? (एक शिक्षक, परभणी जिल्हा)

उत्तर : अवश्य पाहावेत, आणि ज्या दिवशी मुले ते पाहतील त्याच दिवशी ती घरी जाऊन हौद तपासतील. वळवळणारे जीव म्हणजे डासांच्या अळ्या. एक अळी ड्रॉपरने उचलून खोलगट काचपट्टीत थोड्या पाण्यात ठेवावी आणि सर्वांत लहान भिंगाने पाहावी. तिचे शरीर बरेचसे पारदर्शक असते. पाठीच्या मध्यरेषेवर एक नळी लयीत आकुंचन पावताना दिसते, ते तिचे हृदय. शेपटीच्या टोकाशी श्वासनळी असेल आणि हौदात अळी पाण्याच्या पृष्ठभागापासून डोके खाली करून तिरकी लोंबत असेल, तर ती एडिस किंवा क्युलेक्स डासाची आहे. एडिसची श्वासनळी आखूड व जाड असते, क्युलेक्सची लांब व बारीक. पृष्ठभागाला समांतर पडून राहणारी, श्वासनळी नसलेली अळी अॅनोफिलिसची, म्हणजे मलेरिया पसरवणाऱ्या डासांच्या जातीची. अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून भांडी रिकामी करून घासायला सांगतात ते याच हिशेबाने, आणि आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हौदाला घट्ट झाकण किंवा जाळी याशिवाय पर्याय नाही.

याच्या जोडीला कडब्याचा काढा करावा. ज्वारीच्या कडब्याचे तुकडे विहिरीच्या किंवा तळ्याच्या पाण्यात भिजवून सावलीत चार-पाच दिवस उघडे ठेवावे. पाण्यावर साय धरली की तिच्या लगतचा थेंब घ्यावा. त्यात अनेक एकपेशीय जीव इकडून तिकडे धावत असतात. ते इतके वेगवान असतात की मुलांच्या डोळ्यांपुढून निसटतात, म्हणून थेंबात कापसाचे दोन-चार तंतू घालावेत. तंतूंच्या जाळ्यात अडकून ते संथ होतात आणि त्यांच्या अंगावरील रोमकांची, म्हणजे केसांसारख्या बारीक धाग्यांची, हालचाल पाहता येते. वर्गाचा तास संपल्यावर कडब्याचे पाणी झाडाच्या बुडाशी ओतावे. अळ्यांचे पाणी मात्र कोरड्या मातीवर उन्हात ओतावे, ते हौदात किंवा गटारात परत जाऊ नये.